ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर, पीओ मेलवर आणि ‘चालेल’ फोनवर: नेमकं काय कुठं ठेवायचं?

जॉबवर्क_भोसरी

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. टर्निंग सेंटर आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) मिळून दहा मशीन, दोन शिफ्ट, साधारण ३५ माणसं. ग्राहक बहुतेक चाकणचे, ऑटोच्या मोठ्या पुरवठादारांपैकी. पीओ (पर्चेस ऑर्डर) आणि शेड्यूल मेलवर येतं. बाकी सगळं व्हॉट्सॲपवर: ड्रॉइंगचा बदल, गाडीचा नंबर, रिजेक्शनचे फोटो, ‘दोनशे पीस आज पाठवा’, पेमेंटची आठवण, सगळं.

मालकांचं म्हणणं, मेल कोण बघतो, सगळं ग्रुपवर टाका. ऑडिटरचं म्हणणं नेमकं उलटं, मेल नसेल तर ते घडलंच नाही. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. तरी पुढच्या गोष्टींवर जाणकारांनी लिहावं:

१. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) ग्राहकाच्या इंजिनिअरने चॅटवर पाठवली तर ती धरायची का?
२. माप थोडं बाहेर गेलेल्या मालाला चॅटवर ‘चालेल’ आलं, तर ते पुरेसं आहे का?
३. वाद झाला, पैसे अडकले, तर चॅटला कायद्याने किंमत किती?
४. ऑपरेटर आणि सेटर (मशीन लावून देणारे) मेल वापरत नाहीत. त्यांच्यापर्यंत मेलवरची माहिती कशी पोचवायची?

गुळगुळीत ‘दोन्हींचे फायदे-तोटे’ नकोत, ते गूगलवर ढिगाने आहेत.

---

क्यूए_चाकण

पहिल्या दोन प्रश्नांचं मी घेतो. माल घालवणाऱ्या चुका तिथेच होतात.

ड्रॉइंग चॅटवर आलं तर आधी ते कसं आलंय ते बघा. फोटो म्हणून आलं असेल तर मशीनवर न्यायचंच नाही. व्हॉट्सॲप फोटो आकसून पाठवतो. ए-३ कागदाचा मोबाईलने काढलेला फोटो आकसला की सगळ्यात आधी बारीक अक्षरं जातात, आणि टॉलरन्स, म्हणजे मापातली मुभा, बारीक अक्षरांतच असतात. २५ एच७ म्हणजे २५ मिमी बोअरला (भोकाला) मुभा शून्य ते +०.०२१ मिमी. तोच आकडा २५ एच८ वाचला गेला तर +०.०३३. सात आणि आठमधला फरक स्क्रीनवर दिसत नाही. तो दिसतो ग्राहकाकडे, नो-गो गेज (जे भोकात जाताच कामा नये) आरपार गेल्यावर. ±०.०५ मधला दशांशापुढचा शून्य पुसट झाला तर काय होतं ते सांगायला नको.

पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून आली असेल तर फाईल जशीच्या तशी पोचते, २ जीबीपर्यंत. म्हणजे व्हॉट्सॲपने रेखाटन बिघडतं असं नाही, पाठवायची पद्धत चुकली की बिघडतं. पण फाईल स्वच्छ आली तरी दोन प्रश्न उरतातच. पाठवणाऱ्याला रिव्हिजन सोडायचा अधिकार आहे का? आणि आधीची रिव्हिजन कुठल्या तारखेपासून बाद? इंजिनिअर स्वतःकडची कच्ची प्रतही ‘बघून ठेवा’ म्हणून टाकतो आणि खाली कुणीतरी तीच छापून मशीनला चिकटवतो.

आयएटीएफ १६९४९ (ऑटो उद्योगाचं क्वालिटी मानक) लागू असलेल्यांना इथे पळवाट नाही. ७.५.३.२.२ कलमात ग्राहकाच्या इंजिनिअरिंग बदलाचा आढावा कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत पूर्ण करावा, असं आहे. आणि प्रत्येक बदल उत्पादनात कुठल्या तारखेला आला याची नोंद ठेवावीच लागते. ‘कळवल्यापासून’ म्हटलं की तारीख आली. ग्रुपवर ‘शुभ सकाळ’च्या दोन फुलांमध्ये आलेल्या पीडीएफची तारीख सहा महिन्यांनी ऑडिटरपुढे शोधून दाखवा बरं.

तेव्हा पद्धत अशी. चॅटवर ड्रॉइंग आलं की तिथेच उत्तर द्यायचं, ‘मिळालं, मेल आल्यावर लागू करतो.’ मेल आला नाही तर आपणच ती पीडीएफ जोडून मेल टाकायचा: ‘अमुक पार्ट, रिव्ह सी, आपल्याकडून आज व्हॉट्सॲपवर मिळाली. रिव्ह बी बाद धरून पुढच्या लॉटपासून सी लागू करत आहोत. हातातले ३४० पीस रिव्ह बी चे आहेत, त्यांचं काय करायचं ते कळवावे.’ शेवटचं वाक्य विसरू नका. तयार आणि अर्धवट मालाचा आकडा लिहिला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. नुसत्या ‘नोंद घेतली’ला कोणी उत्तर देत नाही.

आता ‘चालेल’. हा शब्द सगळ्यात महाग पडतो. बोअर ०.०१ मोठा झाला, फोटो टाकला, पलीकडून ‘चालेल, पाठवा’. काय चालेल? हेच पन्नास पीस, की इथून पुढे सगळे? लिहिणारा ग्राहकाच्या क्वालिटीचा, की दुपारी लाईन थांबू नये म्हणून जीव टांगणीला लागलेला त्यांचा पर्चेसवाला? डेव्हिएशन, म्हणजे माप बाहेर असूनही माल घ्यायची ग्राहकाची परवानगी, माल पुढे पाठवण्याआधी मिळालं पाहिजे, आणि त्यात संख्या किंवा मुदत असलीच पाहिजे. १६९४९ च्या ८.७.१.१ मध्ये हेच आहे. चॅटवरचं ‘चालेल’ म्हणजे फार तर गाडी भरायला घ्या. गेटपास सही होण्याआधी ग्राहकाच्या क्वालिटीकडून मेलवर चार गोष्टी आल्या पाहिजेत: पार्ट नंबर आणि रिव्हिजन, कुठलं माप किती बाहेर, किती पीस किंवा कुठल्या तारखेपर्यंत, आणि मंजुरी देणाऱ्याचं नाव. त्या लॉटच्या प्रत्येक खोक्यावर डेव्हिएशनचा टॅग. टॅग नसला तर त्यांच्या इनवर्डला (माल उतरवून तपासणाऱ्याला) काहीच माहीत नसतं, तो रीतसर रिजेक्शन मारतो.

---

सेटर_नाईटशिफ्ट

क्यूए साहेबांशी सहमत, पण मेलवाल्यांना एक सांगावंसं वाटतं. रात्री दोनला मशीनवर अलार्म आला की मेल लिहून कोणाचं भलं होत नाही. शॉप फ्लोअरवर चॅट हवाच. फक्त तो शिस्तीत हवा.

फोटो: रिजेक्शनचा फोटो म्हणजे तेल लागलेल्या पीसचा जवळून काढलेला चकचकीत गोळा, हे बंद करा. एका दोषाचे तीन फोटो. पहिला अख्खा पीस, म्हणजे कुठल्या बाजूला दोष आहे ते कळतं. दुसरा दोष जवळून, शेजारी स्टीलची पट्टी. तिसरा व्हर्नियर किंवा मायक्रोमीटरचं रीडिंग, जॉबवर लावलेल्या स्थितीत. हे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो कधी काढला वगैरे आतली माहिती गळून जाते, डॉक्युमेंटमध्ये राहते. पीस पुसून घ्या, ट्यूबलाईट थेट वर नको, चकाकीत चरा दिसत नाही.

व्हॉइस नोट: गाडी नंबर, पार्ट नंबर, ऑफसेट, संख्या हे कधीच बोलून पाठवायचं नाही. मागे कॉम्प्रेसर चालू असताना बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात. चुकीचा गाडी नंबर ईवे बिलच्या भाग ‘ब’ मध्ये गेला तर गाडी रस्त्यात अडकते. शिवाय तीन दिवसांनी शोधायचं म्हटलं तर नंबर टाईप करून व्हॉइस नोट सापडत नाही. ती चाळीस सेकंदांची एकेक ऐकत बसावी लागते. व्हॉइस नोट फक्त समजावून सांगायला, म्हणजे क्लॅम्प कसा फिरवायचा, आवाज कसा येतोय ते ऐकवायला. तिथे मात्र तिला तोड नाही, दहा ओळींचा मेल तेवढं सांगू शकत नाही.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: ऑपरेटरला मेल द्यायचाच नाही. त्याला मशीनवर एकच छापील ड्रॉइंग, वर लाल शिक्का ‘चालू प्रत’, खाली तारीख आणि सही. नवी रिव्हिजन देताना जुना कागद हातात परत घ्यायचा आणि मगच नवा द्यायचा. ग्रुपवर फक्त एक ओळ: ‘अमुक पार्ट, रिव्ह सी आजच्या दुसऱ्या शिफ्टपासून. जुना कागद सुपरवायझरकडे जमा.’ पीडीएफ ग्रुपवर टाकायचीच नाही. टाकली की ती प्रत्येकाच्या फोनमध्ये राहते, आणि चार महिन्यांनी कोणीतरी शोध मारून जुनी रिव्ह बी उघडतो. चॅट बदल झाल्याची हाक मारायला. बदल काय झाला ते कागदावर.

ग्रुपवर ‘पाहिलं’ म्हणून अंगठे गोळा करू नका. मेसेज दाबून धरून ‘माहिती’ उघडली की कोणी वाचला ते नावानिशी दिसतं. ब्लू टिक बंद ठेवली असली तरी ग्रुपमध्ये दिसतं.

---

मेलसर्व्हर

तांत्रिक बाजू. मेल म्हणजे पक्कं आणि चॅट म्हणजे कच्चं ही समजूत अर्धीच बरोबर आहे. दोन्ही आपापल्या जागी फसतात.

मेल ‘सेंट’मध्ये दिसला म्हणजे पोचला असं नाही. समोरचा सर्व्हर बंद असेल तर आपला सर्व्हर गुपचूप परत परत प्रयत्न करत राहतो, साधारण चार-पाच दिवस, आणि मग ‘पोचला नाही’ म्हणून परत पाठवतो. काही ठिकाणी अनोळखी पत्त्यावरून आलेला पहिला मेल मुद्दाम काही मिनिटं नाकारतात आणि दुसऱ्या खेपेला घेतात. म्हणून तासाभरात व्हायचं काम नुसतं मेलवर सोडायचं नाही. मेल टाकून चॅटवर एक ओळ, ‘मेल टाकलाय, विषय अमुक.’ याला दुप्पट काम म्हणू नका, कारण स्पॅममध्ये गेलेला मेल याच ओळीमुळे सापडतो. जीमेलचं स्पॅम ३० दिवसांत स्वतःहून रिकामं होतं, त्यानंतर शोधून उपयोग नाही.

जोडलेल्या फाईलचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. मेलमधून फाईल जाताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. ग्राहकाच्या सर्व्हरची मर्यादा १० एमबी असेल तर ८ एमबीची फाईलही परत येते. जीमेल २५ एमबीच्या वर गेला की आपोआप ड्राइव्हची लिंक करतो. तिथे दोन अडचणी: परवानगी ‘लिंक असणाऱ्या सर्वांना’ दिलेली नसते, आणि मोठ्या कंपन्यांच्या फायरवॉलमधून ड्राइव्ह उघडतच नाही. थ्रीडी मॉडेल पाठवायचं असेल तर त्यांचं पोर्टल काय घेतं ते आधीच विचारून घ्या.

विषयाची ओळ. तुमच्या निम्म्या अडचणी इथे सुटतील. एक पार्ट, एक बाब, एक मेल. विषयात सुरुवातीला पीओ नंबर, मग पार्ट नंबर आणि रिव्हिजन, मग काय हवंय: ‘मंजुरी हवी’, ‘माहितीसाठी’, ‘पेमेंट’. जुन्याच मेलला रिप्लाय करून नवीन विषय काढायची खोड मोडा. विषय तोच राहिला तर सगळं एकाच साखळीत जातं, आणि १०० च्या वर गेली की जीमेल ती साखळी स्वतःच तोडतो. मग ‘मी तर पाठवलं होतं’ आणि ‘मला तर दिसलं नाही’ दोघेही खरं बोलत असतात.

छोट्या युनिटमध्ये सगळ्यात मोठा घोळ म्हणजे कंपनीच्या नावाचा एकच फुकट पत्ता आणि त्याचा पासवर्ड चौघांकडे. (रेडिफमेलचा पत्ता अजून व्हिजिटिंग कार्डावर मिरवणारे आहेत, त्यांना दंडवत.) उत्तर कोणी दिलं कळत नाही, एकाने उघडलेला मेल दुसऱ्याला वाचलेला दिसतो आणि तो सोडून देतो. स्वतःचं डोमेन घ्या. पर्चेस, क्वालिटी, डिस्पॅच हे पत्ते कामाच्या नावाने ठेवा, माणसाच्या नावाने नाही. फुकट जीमेलच राहायचं असेल तर सेटिंगमध्ये ‘डेलिगेट’ म्हणून दहा जणांपर्यंत प्रवेश देता येतो, पासवर्ड वाटावा लागत नाही. डोमेन घेतल्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) डोमेन देणाऱ्याकडून करून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतो; नसतील तर तुमचं कोटेशन थेट स्पॅममध्ये.

व्हॉट्सॲपची दुखणी वेगळी. तिथे ओळख म्हणजे सिमकार्ड. डिस्पॅचवाला नोकरी सोडून गेला की त्याच्या नंबरबरोबर दोन वर्षांचा ग्राहक-संवादही गेला. कंपनीच्या नावावरचं सिम, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, आणि त्याला चारपर्यंत जोडलेली उपकरणं, ही कमीत कमी व्यवस्था. मुख्य फोन १४ दिवस बंद राहिला तर जोडलेले संगणक लॉगआउट होतात, तेव्हा तो कपाटात ठेवून विसरू नका. व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि तो मालकांकडे द्या.

आणि ग्रुपची एक सेटिंग आजच बघा. ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर ठेवता येतं. ग्रुपच्या मूळ सेटिंगमध्ये हे ॲडमिनच नव्हे, कोणीही सदस्य बदलू शकतो. फोन भरला म्हणून एखाद्याने ९० दिवस लावले, की त्या तारखेनंतरचा ९० दिवसांहून जुना इतिहास ऑडिटला गायब. ग्रुप परवानग्यांमध्ये जाऊन सेटिंग बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा.

---

काळा_कोट

तिसरा प्रश्न माझ्या वाट्याचा. हे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे, तुमच्या प्रकरणाला तुमचे वकील लागतीलच.

‘व्हॉट्सॲपला कायद्यात किंमत नाही’ हे चूक. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार निष्फळ ठरत नाही. कलम ४ म्हणतं, जिथे ‘लेखी’ हवं तिथे इलेक्ट्रॉनिक रूप चालेल, अट एवढीच की ते पुढे संदर्भासाठी उघडता आलं पाहिजे. म्हणजे मेल आणि चॅट दोन्ही लेखीच. पण आपोआप पुसला जाणारा मेसेज? वरच्या ‘डिसअपिअरिंग’वाल्या सूचनेचं महत्त्व आता लक्षात येईल. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस बजावली गेली असं धरलं, कारण मेसेज पोचल्याचं आणि फाईल उघडल्याचं व्हॉट्सॲपच्या टिकच्या खुणांवरून दिसत होतं.

अडचण माध्यमाची नसते, शाबित करण्याची असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी त्यातलं कलम ६३, जुन्या कायद्यातलं ६५ब. प्रत दाखल करायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे आता दोन भाग आहेत: ‘अ’ पक्षकाराने भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. त्यात फाईलचं हॅश मूल्य (फाईल किंचितही बदलली तरी बदलणारा तिचा ठसा) लिहावं लागतं. हे प्रमाणपत्र नसलं तर काय, यावरचा घोळ २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात मिटवला. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीचा तो वाद होता. निष्कर्ष असा: प्रतीला प्रमाणपत्र बंधनकारक. मूळ उपकरणच मालकाने न्यायालयात हजर करून शाबित केलं तर त्याची गरज नाही. ज्यांनी फोन बदलला, जुना एक्स्चेंजमध्ये दिला, त्यांची पंचाईत इथे होते. (तो निकाल जुन्या कायद्याखालचा आहे, पण प्रमाणपत्राचं तत्त्व नव्या कायद्यात पुढे आलेलं आहे.)

व्यवहारात काय करायचं:

स्क्रीनशॉटवर विसंबू नका. त्यात ना हेडर, ना पाठवणाऱ्याचा पूर्ण नंबर. ‘मामा ग्राइंडिंग’ या नावाने सेव्ह केलेला माणूस कोण, हे आधी सिद्ध करावं लागतं. चॅटचा ‘एक्स्पोर्ट’ काढा, मीडियासह, वाद दिसू लागला त्याच दिवशी. एक्स्पोर्टची फाईल साधी टेक्स्ट असते, कोणीही नोटपॅडमध्ये बदलू शकतं. म्हणून ती काढल्याबरोबर हॅश काढून तारखेसह नोंदवा, आणि फोन रीसेट करू नका. लक्षात ठेवा, पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि दोन दिवसांहून थोडा जास्त काळ सगळ्यांच्या फोनमधून पुसता येतो. भावाचं किंवा मुदतीचं आश्वासन चॅटवर आलं तर त्याच तासात मेलने परत लिहून पाठवा.

मेलची प्रिंट काढून फाईलला लावणं हीसुद्धा अर्धीच काळजी. जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’, तिथून मूळ संदेश डाउनलोड करा. त्यात सर्व्हरच्या वेळा आणि डीकेआयएमची सही असते. मजकूर नंतर बदलला असेल तर ती सही जुळत नाही. छापील कागदात यातलं काही नसतं.

आता पैशाचं. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल तर हे नीट वाचा. एमएसएमई विकास कायदा २००६ प्रमाणे खरेदीदाराला मालाबद्दल हरकत असेल तर ती पोच झाल्यापासून १५ दिवसांत आणि लेखी घ्यावी लागते. नाही घेतली तर माल पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात, आणि तिथून मुदत सुरू होते. करार काहीही म्हणो, ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसच. पुढे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ.

म्हणजे तुमच्या बाजूने दोन तारखा मेलवर असल्या पाहिजेत. माल पोचल्याची: सही-शिक्क्याच्या चलनाचा स्कॅन त्याच दिवशी ग्राहकाच्या स्टोअर्सला आणि अकाउंट्सला. आणि हरकत असेल तर ती कधी आली त्याची. विसाव्या दिवशी फोन येतो, ‘अरे, त्या लॉटमध्ये बर (कडेला राहिलेली धातूची धार) आहे, पेमेंट होल्ड’. भांडू नका. मेल टाका: ‘आज दूरध्वनीवर अमुक चलनाबाबत तक्रार कळवलीत. पोच अमुक तारखेची असून १५ दिवसांत लेखी हरकत आम्हाला मिळालेली नाही. तरीही पीस तपासणीला पाठवावेत.’ संबंध टिकतात, आणि तारीखही नोंदली जाते. तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला तर लेखी ठरेल का? ठरेल. पण त्यांच्या पर्चेसवाल्याच्या वैयक्तिक नंबरवर गेलेला मेसेज ‘कंपनीला’ मिळाला का, यावर तारखा पडतील. पीओवर छापलेल्या मेल पत्त्यावर गेलेल्याबद्दल हा वाद फारसा उरत नाही.

---

हिशेबनीस

काळा कोट साहेबांनी पैशाचं काढलंच आहे तर एक भर. ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट या खात्यावर करा’ हा मेल कितीही ओळखीच्या माणसाकडून, चालू साखळीतच आला तरी त्यावर पैसे सोडायचे नाहीत. डोमेनमधलं एक अक्षर बदललेलं असतं. इंग्रजीतलं आर आणि एन शेजारी आले की मोबाईलवर एम दिसतो. किंवा समोरच्याची मेलबॉक्सच चोराच्या हातात असते. मग पत्ता खराच असतो आणि बघून काही कळत नाही. इथे मेलवरची गोष्ट मेलवर विचारून चालत नाही. जुन्या पीओवर किंवा जुन्या बिलावर छापलेल्या नंबरला फोन करायचा, त्या मेलखाली दिलेल्या नंबरला नाही. मग नव्या लेटरहेडवर सही-शिक्का आणि रद्द केलेला धनादेश, मग एक रुपया पाठवून खातेदाराचं नाव जुळवायचं. फसगत झालीच तर १९३० ला लगेच फोन. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत कळवलं तरच अडवता येतात.

आणि सीसीत मालकांना घालण्याची सवय. रोजच्या चाळीस मेलना सीसी असलेला माणूस एकही वाचत नाही. ज्याने काही करायचं तो ‘टू’मध्ये, आणि एकच. दोघांना ‘टू’ केलं की दोघांनाही वाटतं दुसरा करेल.

---

कावळा

हिशेबनीस +१. रात्री साडेदहाला ग्रुपवर ‘उद्याचं डिस्पॅच?’ टाकणाऱ्यांसाठी मेलमध्ये ‘शेड्यूल सेंड’ नावाची सोय आहे हो. सकाळी आठची वेळ लावा. आपल्या डोक्यातून विषय गेला, समोरच्याची झोप गेली नाही. आणि ग्रुपवर ‘हाय’ लिहून थांबणारे! हाय, मग ‘आहात का’, मग ‘एक काम होतं’. नऊ मिनिटांनी काम कळतं. एकाच मेसेजमध्ये लिहा ना राव, मशीन थांबलंय.

---

जॉबवर्क_भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार, हे छापून नोटीस बोर्डावर लावावं म्हणतो. दोन शंका. क्यूए साहेब, ग्राहकाचा इंजिनिअर मेल टाकतच नाही, ‘चॅटवर दिलंय ना’ म्हणतो. तिथे काय? आणि मेलसर्व्हर साहेब, स्लॅक किंवा गूगल चॅट यांसारखं ऑफिसचं चॅट ॲप घ्यावं का?

---

क्यूए_चाकण

त्याला मेल टाकायला लावू नका, तुम्ही टाका, आणि मौनाचा अर्थ मेलमध्येच लिहून ठेवा. ‘आपल्या सूचनेनुसार रिव्ह सी उद्या दुपारी १२ पासून लागू करत आहोत. त्याआधी काही वेगळं असल्यास कळवावे.’ ‘टू’मध्ये तो, सीसीत त्यांच्या क्वालिटीचा सामायिक पत्ता. रिव्हिजनसाठी एवढं बहुतेक वेळा पुरतं, कारण नवी पीडीएफ त्यांचीच असते आणि त्यांच्या पोर्टलवर ताडून बघता येते.

डेव्हिएशनला मात्र हे चालणार नाही. तिथे मौन म्हणजे नकार. उत्तर येईपर्यंत माल पिवळ्या पट्टीच्या आत, म्हणजे बाजूला अडवून.

---

मेलसर्व्हर

३५ जणांच्या शॉपला आत्ता नको. ग्राहक तुमच्या स्लॅकवर येणार नाही, ऑपरेटर उघडणार नाही, म्हणजे आहे त्या दोन ठिकाणांत तिसऱ्याची भर. घेतलंच तर आधी इतिहासाची मर्यादा बघा. स्लॅकच्या फुकट योजनेत मागचे ९० दिवसच दिसतात. गूगल चॅटमध्ये ‘हिस्टरी’ बंद असेल तर मेसेज २४ तासांत जातो.

त्यापेक्षा व्हॉट्सॲपचे ग्रुप फोडा. आत्ता एकच ग्रुप असेल तर तीन करा: डिस्पॅच, मशीन बंद आणि रोजची हजेरी. ‘मशीन बंद’ ग्रुपला सगळ्यांनी वेगळी रिंगटोन लावायची आणि त्यात अलार्म नंबर, मशीन नंबर, वेळ यापलीकडे काही टाकायचं नाही. ग्राहकांबरोबरचे ग्रुप वेगळे, प्रत्येकात तुमच्या बाजूने कंपनीचं सिम एक तरी हवंच, आणि ॲडमिन तेच. नवीन आलेल्या माणसाला ग्रुपमधलं जुनं आपोआप दिसत नाही, तेव्हा चालू बाबी त्याला मेलवरून द्या.

माणूस सोडून जाताना: ग्रुपमधून काढणं सगळेच करतात, पण त्याचा मेल अकाउंट कोणीतरी घाईने डिलीट करतो. गूगल वर्कस्पेसमध्ये (जीमेलच्या कंपनी आवृत्तीत) डिलीट केलेला वापरकर्ता २० दिवसांपर्यंतच परत आणता येतो. आधी पासवर्ड बदला, मग डेटा दुसऱ्या खात्यात हलवा, त्याच्या पत्त्यावर येणारे मेल नव्या माणसाकडे वळवा, आणि शेवटी डिलीट. फुल अँड फायनलच्या कागदावर ‘कंपनीचं सिम जमा’ अशी एक ओळ वाढवून घ्या.